डाग

जुलै. सूर्य डोंगराआडून वर यायच्या आत
बागेत शिरायचं, नाहीतर साल तापते.
सावेरिओ आधी गुडघे टेकतो, मग पोटावर आडवा होतो.
कालाब्रियातलं हे झाड कमरेच्या वर जात नाही
आणि ताठ माणसाला आत घेत नाही.
त्याच्यामागून रब्बी हिर्श सरपटत,
काळा कोट पाठीला चिकटलेला,
दाढीत वाळकी पानं, मुठीत घड्याळजीचं भिंग.

आधी खोड.
कलमाचं नको. दुसऱ्याच्या मुळांवर उभं राहिलेलं
सणाला चालत नाही.
सावेरिओ म्हणतो, मग आमच्या गावातला
एकही माणूस तुला चालायचा नाही;
ग्रीक आले, अरब आले, नॉर्मन आले,
आम्ही सगळी कलमंच.
हिर्श हसत नाही. भिंग पुसतो.

मग फळ.
खडबडीत, हिरवं, गळ्याशी किंचित बारीक,
टोकाला एक बोंड,
नाळ गळायच्या आधी बाळाच्या बेंबीवर असतं तसं.
बोंड मोडलं, बाद.
सुईच्या अग्राएवढा ठिपका, बाद.
आणि ओरखडे काढतो कोण?
पक्षी नाही, कीड नाही,
वारा सुटला की झाडाचाच काटा.
ज्याने पोसलं त्याचाच.

बाद फळं इम्माकोलाताच्या टोपलीत.
तिच्या नावाचा अर्थच निष्कलंक,
आणि हातांवर पाकाच्या भाजल्याचे चाळीस वर्षांचे डाग.
ती साली मिठात मुरवते, मग साखरेत;
नाताळच्या पावात कुणी भिंग लावत नाही.

दुपारी तुतीखाली भाकरी आणि वाद:
हव्वेने खाल्लं ते कुठलं?
सफरचंद, सावेरिओ म्हणतो, चर्चच्या भिंतीवर आहे.
चितारी उत्तरेकडचा असेल, हिर्श म्हणतो.
आमच्यातले काही म्हणतात अंजीर, काही द्राक्ष,
काही म्हणतात हेच,
कारण त्या झाडाच्या लाकडालाही फळाची चव होती.
अगादीरचा इद्रिस खोकी ठोकता ठोकता:
आमच्याकडे गहू.
पण ग्रंथ वाचणारा भला माणूस याच फळासारखा,
वासही चांगला, चवही.
मी वहीत लिहितो: महाळुंग.
माझ्या भाषेत ते एका देवीच्या हातात आहे.
ती दगडाची, फळ दगडाचं,
काटा लागायचा प्रश्नच नाही.
हे मी मोठ्याने सांगत नाही.

तेवढ्यात दोनाता पाणी घेऊन आली,
सावेरिओची लेक, आठवा महिना, चाल जड.
मागच्या खेपेचं कुणी बोलत नाही.
हिर्श तिच्याकडे बघत नव्हता,
परक्या बाईकडे तो बघत नाही;
तिच्या सावलीकडे बघत म्हणाला,
आमच्याकडे सण संपला की
दिवस गेलेल्या बाया याचं बोंड दातांनी तोडतात.
सुटका सोपी होते म्हणे.
माझ्या रिवकाने सहा वेळा तोडलं.
सातव्या वेळी बंदरं बंद होती,
फळ पोचलं नाही.

इम्माकोलाता टोपलीकडे वळली.
त्यातलं नको, तो म्हणाला.

सकाळपासूनची अकरा होती, तागात गुंडाळलेली.
त्यातलं एक त्याने सोडवलं,
भिंगाशिवाय, बोटांनीच शेवटचं पाहिलं
आणि खोक्यावर ठेवलं, हातात दिलं नाही.
सण अजून अडीच महिने लांब.
दोनाताने बापाकडे पाहिलं, मग आईकडे.
मग चावली.
कडू. तोंड वाकडं झालं, डोळ्यांत पाणी,
आणि सव्वीस उन्हाळ्यांत पहिल्यांदा
म्हाताऱ्याच्या निवडलेल्या फळावर
दातांचे स्वच्छ ठसे.

सावेरिओने वही काढली. हे कशात धरू?
हिर्शने पेन्सिल घेतली, स्वतःच लिहिलं:
एक. पूर्ण भावाने. बाद.

मग पुन्हा पोटावर आडवा झाला,
आणि वारा सुटला होता.