पाठकोरे

नववी ब. सांगली, हळदपेठेमागची शाळा.
खिडकीतून पिवळी धूळ येते, फळ्यावर बसते.

आज सन्मती चौगुलेनं डब्याच्या पिशवीतून
एक नोट काढली : एक लाख मार्क, एकोणीसशे तेवीस.
पणजोबा अडत्याकडे दिवाणजी होते, म्हणाला.
नोट एकाच बाजूला छापलेली.
"घाई होती," मी म्हणाले. "उलटी करेपर्यंत
पावाचा भाव बदलायचा."
मागं मोडीत कुणीतरी लिहिलंय :
राजापुरी, सात पोती, वजनात खोट.

मग सांगत गेले. युद्ध हरले सेनापती,
सही करायला लागली नंतर आलेल्यांना,
आणि शिव्याही त्यांनाच.
घरी आली तरी बंदूक न टाकलेली पोरं.
जेमतेम बसली की उठणारी मंत्रिमंडळं.
चौदा वर्षं टिकलं ते राज्य.

"म्हणजे आमच्याएवढंच," मागच्या बाकावरून रुबिना पेंढारी.
वर्ग हसला.
मग नाही हसला.

तास संपता संपता धैर्यशील उठला :
"बाई, मॉनिटरला मतदान कशाला?
गेल्या वर्षी तुम्हीच नेमला. वर्ग कसा गप्प होता."

होता गप्प.
आणि मला ते आवडलं होतं.
जून ते एप्रिल, घसा एकदाही बसला नाही.

खण उघडला. चाचणीचे जुने पाठकोरे कागद
फाडून त्रेपन्न चिठ्ठ्या केल्या.
"नाव लिहा. दुमडा. शेजारच्याचं बघू नका."

रुबिनानं हात वर केला :
"बाई, माझ्या चिठ्ठीवर
तुमचं पिवळं बोट उमटलंय."

"पुसून घे," मी म्हणाले.
"नीट पूस."