नंबर नसलेली पानं

मांडवीजवळच्या लायब्ररीत
वरच्या मजल्याची जमीन काचेची.
खाली बसून मी खळ ढवळतो,
डोक्यावरून चपला जातात, साड्यांचे काठ,
कधी एखादी टाच, बराच वेळ न हललेली.

एकतीस वर्षं पुस्तकं शिवली.
वाचलं एकही नाही.
हलवाई कुठं पेढे खातो?

मग दिवाळीनंतर ज्योत्स्नाबेननी
एक गठ्ठा टेबलावर ठेवला.
"इंगळे, आ चोपडी जपाननी छे. मराठीत."
वाळवीनं कोपरे खाल्लेले,
म्हणजे नेमके नंबरच.
घड्या तुटलेल्या, दोरा कुजलेला,
पानं पत्त्यांसारखी पिसलेली.

क्रम लावायचा तर वाचणं आलं.

एक बाई. नावेच्या धक्क्यावर तिकिटं विकते.
नाव सुटली की पुस्तक उघडते,
नाव दिसली की मिटते.
बस्स.
खून नाही, लग्न नाही, कोर्टाची तारीख नाही,
ज्यावरून म्हणावं की हे आधी, हे नंतर.
स्वेटरवरून मी थंडी ओळखली.
तिच्या कपाला कधीतरी तडा जातो:
तडा नसलेली पानं वर.
एका पानावर ती ओठ हलवत वाचते, अक्षर अक्षर.
ते सगळ्यात पहिलं ठेवलं.
माझेही ओठ हलत होते.

खळीवर साय धरली. दोनदा ओतून दिली.
रात्री दांडिया बाजारात, ताटावर,
बायको म्हणाली, "आहात कुठं?"
म्हटलं, नाव यायचीय अजून.

अकराव्या दिवशी सगळी बसली
आणि एक पान उरलं.
त्यात ना स्वेटर, ना कप.
कुणी उतारू खिडकीशी वाकून विचारतो,
"काय वाचताय?"
ती सांगायला तोंड उघडते,
पान संपतं.

कुठंही खपलं असतं.
मी पुन्हा पहिल्यापासून वाचलं.
एका जागी सलग तीन पानं
तिच्याशी कुणी चकार शब्द बोलत नाही,
सुटे पैसे तेवढे काचेवर वाजतात.
तिथं घातलं.
दाभण, दोरा, गाठ.

चूक असेल.
लिहिणाऱ्यानं यावं बडोद्याला, भांडावं,
चहा पाजीन.

ज्योत्स्नाबेननी पुस्तक उलटसुलट पाहिलं.
"नंबर कोणी घातले?"
मीच. पण पेन्सिलीनं,
आणि त्या एका पानावर तर
अगदी फिका.