गाडी हवा खाते

जानेवारीतलं ग्वाल्हेर, पहाटे साडेपाच.
किल्ला धुक्यात, गल्ली धुक्यात,
मुरारला सहाच्या इन्सुलिनची वाट बघणारे म्हातारबुवा धुक्यात,
आणि माझी डिझेल इंडिका
कण्हते, कण्हते, कण्हते, थांबते.
समोर भदौरियांकडे दिवा लागतो.
मी स्टिअरिंगला म्हणते, सॉरी.

नवी बॅटरी घातली. ग्लो प्लग चारही बदलले.
पेन्शनीतले अकरा हजार गेले, कण्हणं राहिलं.
खाली मात्र एक डाग नाही.
रात्रभर पुठ्ठा घालून ठेवला होता,
सकाळी कोरडा.

रामसेवक कुशवाहानं बॉनेट उघडलं,
फिल्टरवरचा रबरी गोळा अंगठ्यानं दाबला.
पोकळ.
"दीदी, ये तो हवा खा रही है."
म्हटलं, एवढ्या थंडीत हवा खायला कोण निघतं?
तो हसला नाही.
बाहेर गळतं ते सोपं, म्हणाला,
ही आत ओढते.
रात्री डिझेल मागं टाकीत उतरतं
आणि हवा त्याच्या जागेवर येऊन बसते.

मग वीतभर पारदर्शक नळी मधे जोडून
त्यानं चावी फिरवली. मी वाकून बघत होते.
बुडबुडे.
एकामागून एक, कसलीच घाई नसलेले.

चौतीस वर्षं हेच बघितलं मी
सलाइनच्या नळीत, नाइट ड्यूटीला,
नखाच्या टिचकीनं वर पाठवलं.
नातेवाईक धावत यायचे, सिस्टर, हवा गेली!
मी सांगायचे, एवढ्यानं काही होत नाही हो,
माणूस पचवतो.
माणूस बरंच पचवतो.
इंजिन नाही.

शिंदे की छावणीतून आठ एमएमचा पाइप आणला,
सव्वादोन मीटर, डझनभर क्लिपा.
जुना पाइप दिसायला ठणठणीत,
वाकवला तेव्हा भेगा उघडल्या
माझ्या टाचांसारख्या.
मी पाय साडीत ओढून घेतले.

नवा पाइप सरळ कापायचा, तिरका नाही.
टोकाला डिझेलचं बोट फिरवलं की सरकतो.
क्लिप किती आवळायची
हे त्यानं सांगायच्या आधी माझ्या हातांना कळलं.
"दीदी को आता है," पोराला म्हणाला,
आणि स्क्रूड्रायव्हर माझ्याकडे दिला.
टाकीकडचा पाइप त्यानं खाली झोपून बदलला;
बूट तेवढे दिसत होते,
शिव्या ऐकू येत होत्या, हळू, माझा मान ठेवून.

मग मी गोळा दाबत राहिले,
तीस, चाळीस,
पन्नासाव्याला अंगठ्याखाली घट्ट लागला.
हरवलेली नाडी सापडते तसा.

दुसऱ्या दिवशी अर्ध्या चावीत गाडी चालू.
मुरारला वीस मिनिटं आधी पोचले,
म्हातारबुवा चूळ भरत होते, घाबरले.

संध्याकाळी भदौरियांचा मुलगा दारात,
तोंड एवढंसं करून:
"आंटी, आज कोचिंग छूट गई.
गाड़ी क्यों नहीं बजी?"