तिद्दुपडी

बाचीच्या अलीकडं जीप अडवली.
पलीकडं शिनोळी, दोन हाकांवर.
तिथला पंक्चरवाला हात हलवून विचारत होता, काय झालं?
मी काही सांगितलं नाही.
जीप माझी नव्हती. वेल्डिंग माझं होतं.

तल्लूर साहेब आरसी हातात धरून
गाडीभोवती फिरले, बैलबाजारात फिरावं तसे.
दात तेवढे बघायचे राहिले.
"टायर?" "मोठे केले, साहेब."
"उंची?" "चार इंच."
"बंपर?" "उद्यमबागेत, आमच्याच शेडात. सहा एमएमचा पत्रा आहे, हात लावून बघा."
"आणि हे नाक?" त्यांनी स्नॉर्कलवर काठी टेकवली.
"पाण्यातून जाताना श्वास घ्यायला."
"कुणी? तू?"
स्वतःच हसले, आणि हसता हसता चौथं बोट दुमडलं.
मग दिवे, मग विंच, सायलेन्सर, कापलेलं टप.
कलम बावन्न. प्रत्येक बदलाला पाच हजार.
आठ बोटं.
दोन अंगठे वाचले.

पावती कानडीत.
मी शाळा मराठीत शिकलो, कानडी कारखान्यात.
ऐकलेलं सगळं कळतं.
लिहिलेलं दिसतं बेअरिंगच्या गोळ्या
कागदावर सांडल्यासारखं.
एक शब्द आठ वेळा होता. तेवढा विचारला.
"तिद्दुपडी."
"म्हणजे दुरुस्ती?"
साहेब थांबले. "हां, दुरुस्तीच.
पण न विचारता केलेली."

मोनाप्पा, मालक, तोवर तापला होता.
"आमगावच्या ओढ्यात कंपनीची गाडी घालून दाखवा, साहेब!"
"घाल की तू. दगडावर चढव, चिखलात लोळव.
रस्ता नाही तिथं मी अडवत नाही."
"पण तिथवर जायला रस्ताच आहे की ओ!"
"मग ट्रकवर घालून ने."

महिन्याची मुदत.
गाडी कागदावर आहे तशी करून आणायची.

माझ्या बापाच्या शाळेच्या दाखल्यावर
राज्याचं नाव वेगळं आहे, बाप तोच.
ते मनात आलं, बोललो नाही.
असलं नाक्यावर बोलू नये,
एक बोट वाढतं.

मूळचा बंपर किणयेत सापडला,
गोठ्यापुढं आडवा पुरलेला, त्याला म्हैस बांधलेली.
म्हातारीनं आधी दुसरा खांब मागितला,
मग सोडली.
चाकं पाण्याच्या टाकीच्या गाड्याखाली होती.
सायलेन्सर दस्तगीरच्या भंगारात, तीन जीपांचे तीन,
आपला कुठला, त्यालाही सांगता येईना.
"घे कुठला पण. कायद्याला आवाज कमी पायजे, एवढंच ना?"
टपाला मात्र नवंच घ्यावं लागलं,
त्याची पावती मोनाप्पानं माझ्याकडं न बघता खिशात घातली.

मग माझ्याच जोडाला माझा ग्राइंडर.
चांगला जोड कापायला वेळ लागतो.
माझा लागला, दोन दिवस, अकरा चकत्या.
वाईट वाटायला हवं होतं.
मला आतून बरं वाटत होतं.

आरटीओच्या मैदानात साहेबांनी टेप लावला.
उंची जुळली. चाक जुळलं. आवाज जुळला.
शेवटी वाकले, बंपरवरून बोट फिरवलं.
मधोमध एक गुळगुळीत खाच,
दोरी घासून घासून पडलेली.
"हे कागदावर नाही."
मोनाप्पाचा चेहरा उतरला.
"म्हैस होती, साहेब," मी म्हटलं. "हीपण तिद्दुपडी?"
ते बराच वेळ खाचेकडं बघत राहिले.
त्यांच्याही घरी असेल एखादी.
"ही झीज," म्हणाले, आणि शिक्का मारला.

कापलेलं नाक शेडात उभं आहे, दाराआड.
गिऱ्हाईक विचारतं, हे काय?
मी म्हणतो, काही नाही, पाईप.
काल मोनाप्पाचा फोन आला.
आधी तब्येत विचारली, मग पोरांची शाळा,
मग सहज विचारल्यासारखं,
जांबोटीपर्यंत ट्रकचं भाडं किती होतं रे हल्ली?