प्रॉथरो, एमलिन

ब्रेकनच्या वाचनालयात वरच्या मजल्यावर,
जिथे हीटर नुसताच खोकतो,
मला काम दिलंय एमलिन प्रॉथरोंचं.
हे अनेकवचन आहे, आदरार्थी नव्हे.
गावानं एकाच नावाची इतकी नामवंत माणसं काढली
की पत्रं, फोटो, पदकं सगळं एकाच खोक्यात,
आणि खोक्यावर एकच चिठ्ठी.

पहिले धर्मोपदेशक. चौदा स्तोत्रं रचली,
आणि दारू गाळणाऱ्या सख्ख्या भावाविरुद्ध साक्ष दिली.
दुसरे हाडांचे सर्जन. खाणीतल्या माणसांची
त्यांनी ठेवलेली वही माझ्यासमोर उघडी आहे:
डावी तर्जनी. डावी तर्जनी. उजवा अंगठा.
तिसरा वेल्सकडून रग्बी खेळला, एकदाच.
सोळाव्या मिनिटाला खांदा निखळला.
बसस्थानकामागची गल्ली त्याच्या नावाची.
खांदा दुसऱ्यानं बसवला, वहीत आहे:
प्रॉथरो, ए. फी घेतली नाही. नावबंधू.

खाली चहाला गेले की म्हातारे सांगतात,
आम्ही त्यांना म्हणायचो एमलिन हाड, एमलिन स्तोत्र.
मी सांगते, मिरजेत आमच्या आळीत होते
सायकलवाले जोगळेकर आणि बिनसायकलवाले जोगळेकर.
सायकल चोरीला गेली तेव्हा
पोस्टमनची फार पंचाईत झाली.
हसतात. बिस्किटांचा डबा माझ्याकडे सरकवतात.

चौथी बाई निघाली.
दोनशे बारा चित्रं, सगळी अळंब्यांची,
कुजक्या ओंडक्यावरची, शेणावरची,
टोपीखालच्या पापुद्र्यांची घडी न् घडी मोजलेली.
खाली वळणदार सही: मिसेस एमलिन प्रॉथरो.
सर्जनची बायको.
लंडनहून तज्ज्ञ आले, थक्क झाले,
नवऱ्याशी हस्तांदोलन करून गेले.
तिचं स्वतःचं नाव कुठेच नाही.
चर्चच्या वहीतलं ते पान ओलीनं गेलंय,
थडग्यावर 'आणि त्यांची पत्नी'.
एका चित्रामागे पेन्सिलीनं लिहिलंय 'ग्वेनलियन',
शेजारी लोण्याचा भाव.
ती हीच, की मोलकरीण, की गाय,
कळायला मार्ग नाही.

आई लग्न होऊन आली तेव्हा शरयू होती.
घरात मोठ्या जाऊबाई शरयूच.
आजेसासरे म्हणाले, एका घरात दोन कशाला, हाका चुकतात.
ताटात तांदूळ पसरले, अंगठीनं लिहिलं: कुमुदिनी.
त्याच तांदळाचा संध्याकाळी भात झाला असेल.
वाया घालवणारं घर नव्हतं ते.

काल भावाचा फोन होता, दवाखान्यातून.
आई आता कुणाला ओळखत नाही.
कुमुदिनी म्हटलं तर छताकडे बघते,
आई म्हटलं तरी छताकडेच.
सकाळी नर्स गोळ्या घेऊन आली,
पलीकडच्या खाटेवरच्या म्हातारीला म्हणाली, शरयूबाई, उठा.
आणि आपल्या आईनं, तो सांगत होता,
आपल्या आईनं ओ दिली.
लख्ख. शाळेत हजेरीला देतात तशी.

मग? मी विचारलं.
मग काय, नर्स म्हणाली, तुम्ही नाही आजी, त्या.

चौथं कार्ड अजून टेबलावर आहे.
संगणकात नावाचा रकाना रिकामा सोडता येत नाही,
तो लाल होतो.
मी पेन्सिलीला टोक काढते,
पुन्हा काढते.
खिडकीखाली कुणीतरी कुणाला तरी
एमलिन म्हणून हाक मारतंय,
आणि दोघं वळून बघतात.