किंमत

बुखाऱ्यात घुमटाखालच्या बाजारात
सकाळी साडेआठला एकच दुकान उघडं होतं.
बाईचं नाव सओदत. हे नंतर कळलं,
पावती मागितल्यावर तिने पुठ्ठ्यावर लिहून दिलं तेव्हा.

निळ्या मखमलीवर कात्र्या मांडलेल्या,
सगळे करकोचे.
चोच म्हणजे पाती, डोळा म्हणजे खिळा,
पोटाच्या जागी आपली बोटं.

मी एक उचलली आणि विचारलं,
"किंमत?"
तिचा चेहराच उतरला.
"किम्मत एमस! एमस!"
दुपारी चहाच्या दुकानातल्या पोराने उलगडा केला:
इकडे किम्मत म्हणजे महाग.
म्हणजे मी दारात उभी राहून
ना राम राम, ना श्याम श्याम,
"महाग!" असं तोंडावर फेकलं होतं तिच्या.

मग कॅल्क्युलेटर निघाला.
त्याची आठाची कळ रुतलेली,
त्यामुळे त्या दुकानात ऐंशी हजाराचं काहीच नव्हतं.
तिने दाबलं २४००००.
मी १०००००.
तिने पुसलं, बाहीने,
जणू मी काचेवर काही घाण केली होती.
२२००००.
११००००.
मी कात्री खाली ठेवून चालू पडले.
सगळ्या जगात चौथ्या पावलाला हाक येते.
इथे सातव्यालाही आली नाही.
छत्री विसरल्याचं सोंग करून परतले,
छत्री हातातच होती.

ती काही बोलली नाही.
मागच्या ठाणातून रेशमाचं टोक ओढलं,
पिवळं, जांभळं, कडेला विरघळलेलं,
आणि बोटभर पट्टी कापली.
आवाज नाही. रेशमाला कळलंसुद्धा नाही.
पट्टी माझ्या तळहातावर ठेवून
मिनाराकडे बोट केलं,
दोन्ही हातांचे पंख केले, उडवले,
मग रिकामे हात दाखवले.
आणि दाबलं १५००००.

शरयू ब्लाऊज शिवते.
निघताना म्हणाली होती, काही आणू नकोस गं.
म्हणजे जड काही आणू नकोस.

दहा हजाराच्या पंधरा नोटा मोजल्या.
तिने त्या कपाळाला लावल्या,
मग एकेका करकोच्यावरून फिरवल्या,
शेवटच्या ओळीतल्या बारक्यांवरूनसुद्धा.
बोहनी!
मी बोहनीचं गिऱ्हाईक होते
आणि नव्वद हजार पाडले होते.
आधी कळतं तर पाडले नसते,
असं लिहायला बरं वाटतं.
खरं सांगायचं तर अजून वीस पाडले असते.

ताश्कंदला मोठी बॅग पट्ट्यावरून गेली
तेव्हा कात्री खांद्यावरच्या पिशवीत होती.
तपासणीचा पोरगा, छातीवर जहोंगीर,
मिशी नुकती कुठे धरत होती,
त्याने करकोचा फूटपट्टीवर आडवा ठेवला.
चोच भरली जास्त. मान हलवली.
मग हवेतच दोनदा कात्री चालवली,
खटक् खटक्,
घरी कोणीतरी कात्र्या करतं अशा हाताने,
आणि माझ्याकडे बघून म्हणाला,
"किम्मत?"
विचारत होता, की सांगत होता,
आता मला दोन्ही कळत होतं
म्हणून काहीच कळलं नाही.
"एमस," मी म्हटलं.
त्याने ती हळूच खोक्यात ठेवली.
खोक्यात आधीचेच सात-आठ करकोचे,
चोची वर करून बसलेले.

घरी शरयूला सगळं साग्रसंगीत सांगितलं.
कॅल्क्युलेटर, छत्री, फूटपट्टी.
ती हसली नाही. पट्टी बघू म्हणाली.
चष्मा कपाळावर ढकलून
कापलेल्या कडेवरून अंगठा फिरवला,
एकदा, परत एकदा,
एक धागा सुटतोय का बघत.
"कात्री चांगली होती," म्हणाली
आणि पट्टी मशीनच्या खणात ठेवली,
जिथे ती बॉबिन ठेवते.