दुसऱ्या गेटापलीकडं, गुरुवारी

पत्ता दिला तो पिराजीनं.
वर्षभर गुत्त्यावर दिसला नव्हता, आम्ही समजलो गेला.
त्याच्या नावानं चार थेंब भुईवर सोडले होते,
तेवढेही जिवावर येऊन.
आणि हा रेशनच्या रांगेत उभा. गालावर मांस,
पिशवी धरलेला हात स्थिर.
"मेला न्हाईस व्हय?" म्हटलं.
"मेलो हुतो की," म्हणाला,
आणि खिशातनं चिठ्ठी काढून दिली.

चिठ्ठी कानडीत.
उद्यमबागेत बावीस वर्षं लोखंड ओतलं.
शिव्या येतात, दर येतात, बसची पाटी अंदाजानं ओळखतो,
खरं अक्षर येत नाही.
शेजाऱ्याला दाखवू? मेडिकलवाल्याला?
शेवटी तेजूलाच दिली. सहावीत आहे, शाळेत कानडी शिकते.
बोट ठेवत ठेवत वाचलं तिनं:
शाळेचं नाव, गुरुवार, संध्याकाळी सात.
दारू हा शब्द आला तिथं थांबली नाही,
धड्यातला कुठलाही शब्द वाचावा तसा वाचला.
मग घडी घालून हातात दिली.
"आज बुधवार आहे, पप्पा."

पहिल्या गुरुवारी दुसरं गेट पडलेलं.
मालगाडी. डबे मोजले, एक्केचाळीस.
गेट उघडलं आणि मी मागं वळलो.

दुसऱ्या गुरुवारी शाळेपर्यंत गेलो,
कंपाउंडबाहेर चपलेचा अंगठा तुटल्यासारखं करून वाकून बसलो.
आत हसत होते.
रडत असतील असं धरून चाललो होतो मी.
हसण्याचीच भीती वाटली.
त्या रात्री चोर्ल्याचा घाट चढून आलेली गोव्याची बाटली,
कुणाच्या टेम्पोत, कोबीच्या पोत्याखाली.
त्या रात्रीबद्दल तेजू अजून काही बोलत नाही.

तिसऱ्या गुरुवारी आत गेलो ते धीर आला म्हणून नव्हे,
लघवी लागली होती.
मुतारी शाळेच्या मागल्या अंगाला.
बाहेर आलो तर केटली घेतलेला एक म्हातारा:
"बर्री. चा कुडीरी."
कुडी. हा शब्द मला येतो.
आयुष्यभर याच शब्दाला हात पुढं केलाय.
तसाच केला.
चहा होता. साखर जास्त.

पोरांची बाकडी, गुडघे छातीला टेकलेले.
फळ्यावर न पुसलेला भागाकार, बाकी तीन.
आडनाव सांगायचं नाही, म्हणाले.
आमच्याकडं आडनावात गाव असतं, भाषा असते,
एक नोव्हेंबरला तुम्ही कुठल्या बाजूला उभे राहता तेही असतं.
ते सगळं चपलांबरोबर बाहेर.

बसलिंग कानडीत बोलला. अर्धं कळलं.
बायकोची बोरमाळ विकली का गहाण टाकली, ते नाही.
बोरमाळ कळली.
मी खाली बघितलं. आमच्या घरची मी विकली होती.

माझी पाळी आली.
"मी भरमा."
पुढचं येईना. लोखंड मधेच गार झालं
की साचा अर्धाच भरतो,
फोडायचा, परत वितळवायचं, त्यात लाज नसते,
फाउंड्रीत नसते.
कुणी घाई केली नाही.
म्हातारा म्हणाला, "फुडल्या गुरुवारी सांग. हाय की आमी."

सांगितलं, पुढल्या नाही, त्याच्या पुढल्या.
सव्वीस दिवसांपर्यंत पोचलो.
मग हलशीला मेहुण्याचं लग्न.
परत "आज एक" म्हणताना वाटलं बाकडी सरकतील.
केटली सरकली माझ्याकडं.

आज परत गेट पडलंय.
शेजारी लुनावर एक पोरगा, तोंडाला रुमाल बांधलेला,
घामेजल्या मुठीत कागद.
कानडीत विचारतो, ही शाळा कुठं आली?
कागद मला अजून वाचता येत नाही,
खरं घडी ओळखली.
"बर्री," म्हटलं.
मालगाडी लांब आहे. उभे आहोत दोघं.